रीत कुठून येते?

स्मरणिका समितीने मला "सोसायटीचा इतिहास लिहा" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. नोंदणी कधी झाली, पहिले अध्यक्ष कोण, पाण्याची टाकी कधी बदलली, रंगकाम किती वेळा झालं. हे सगळं इतिवृत्ताच्या वह्यांत आहे. मी अनेक वर्षं सचिव होते, त्यामुळे त्यातल्या निम्म्या वह्या माझ्याच अक्षरात आहेत. ज्यांना हवं त्यांनी ऑफिसात येऊन जरूर वाचाव्यात. पंचवीस वर्षांत कुणी मागितल्या नाहीत, आता मागितल्या तर आनंदच होईल.

मला लिहायचा आहे तो वह्यांत नसलेला इतिहास. चपला दाराबाहेर काढायच्या की आत, बेल वाजवायची की "आहात का घरात?" म्हणून हाक मारायची, शेजारणीची वाटी परत करताना रिकामी द्यायची की त्यात काही घालून, हे कुठल्याही उपविधीत लिहिलेलं नाही. तरी आपल्या बेचाळीस घरांत यावरून जेवढी धुसफुस झाली, तेवढी मेन्टेनन्सच्या बिलावरूनही झाली नाही. या रीती येतात कुठून? आणि एकदा आल्या की जातात का? याचं उत्तर मला आपल्या गेटच्या आत सापडलं नाही. ते चार पावलांवर, आझाद नगरात सापडलं.

पितृपक्षातला गणपती

१९८१ साली लग्न होऊन मी लालबागहून अंधेरीला आले. माहेर चाळीतलं, वडील गिरणीत. आमच्याकडे सार्वजनिक गणपती म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत. त्या रात्री सगळं लालबाग रस्त्यावर, आणि दुसऱ्या दिवशी मंडपाचे बांबू सुटलेले, मन ओकंबोकं.

सासरी पहिल्याच वर्षी अनंत चतुर्दशी आली आणि गेली. आझाद नगरचा गणपती मात्र जागच्या जागी. दुसऱ्या दिवशीही आरती. मला वाटलं, मिरवणुकीच्या गाडीची काही अडचण झाली असेल. मग पितृपक्ष लागला, तरी मूर्ती आपली मंडपातच. मी नवी सून, विचारायचं कुणाला? शेवटी भीतभीत सासूबाईंना म्हटलं, "आई, पक्ष पंधरवडा लागला, अजून विसर्जन नाही?" त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमचा संकष्टीला जातो. नवस आहे तो."

नवसाची गोष्ट मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. हा उत्सव १९६६ साली सुरू झाला. गोल्डन टोबॅको, टाटा स्पेशल स्टील आणि एक्सेल इंडस्ट्रीज या कारखान्यांतले कामगार मूळचे लालबागकडचे. कारखाने इकडे, म्हणून बिऱ्हाडं इकडे आली आणि बिऱ्हाडाबरोबर लालबागचा सार्वजनिक गणपतीही आला. सुरुवातीला सगळं तिकडच्यासारखंच. मग सत्तरच्या दशकात कारखान्यांना टाळं लागलं. घरात पगार नाही, दुकानदार उधार देईना. तेव्हा कामगारांनी नवस बोलला: हे संकट टळू दे, तुझं विसर्जन आम्ही संकष्टीला करू. टाळं निघालं. तेव्हापासून मुंबईतले बहुतेक गणपती अनंत चतुर्दशीला जातात, आणि 'अंधेरीचा राजा' त्यानंतरच्या संकष्टीला वेसाव्याच्या समुद्रात जातो.

आज वीरा देसाई रोडवर कारखान्यांच्या जागी काचेची ऑफिसं आणि टॉवर आले. नवस बोलणाऱ्या पिढीतली माणसं फार थोडी उरली. मिरवणुकीत नाचणाऱ्या मुलांपैकी किती जणांना टाळेबंदीची गोष्ट ठाऊक असेल, देव जाणे. पण संकष्टी काही चुकत नाही.

मला यातून पहिला धडा मिळाला. लालबागहून निघालेल्या माणसांनी लालबागची रीत जशीच्या तशी आणली होती. ती दहा-बारा वर्षांत वेगळी झाली ती हौसेने नव्हे, पोटाच्या प्रश्नाने. प्रश्न सुटला, विसरलाही गेला; रीत राहिली.

अंधेरी आधीची

हे कळल्यावर मला अंधेरी वेगळीच दिसायला लागली. आपण 'अंधेरी' म्हणतो ती स्टेशनमुळे. विरारहून मुंबईला जाणारी पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली, तेव्हापासून हे स्टेशन आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत आपण आलो थेट १९५० साली. पण माणसं त्याच्या कितीतरी आधीची. पूर्वेला महाकालीच्या डोंगरात बौद्ध लेणी कोरली गेली ती इसवी सनाच्या आगेमागे. हा सगळा मुलूख साष्टी बेटाचा. पोर्तुगीज होते, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं, १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेतली. राज्यं बदलली; आंबोली, मरोळ, चकाला, सहार, वेसावे ही गावठाणं जिथल्या तिथे राहिली.

आंबोलीतल्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारावर क्रूस, आणि घरात बोलणं मराठी. मी चाळीत वाढलेली. माझ्या डोक्यात ख्रिश्चन म्हणजे इंग्रजी किंवा कोकणी बोलणारा. ती हसली आणि म्हणाली, "आम्ही इथलेच. तुम्ही बाहेरून आलात." खरंच होतं. हे लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात आणि त्या नावालाही नोकरीचाच इतिहास आहे. गोवा-मंगळूरकडून ख्रिस्ती मंडळी मुंबईत नोकरीला यायला लागली. त्यांच्यात आणि इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांत फरक दिसावा म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, इथल्यांनी हे नाव घेतलं.

त्यांचा उन्हाळ्यात कुटलेला मसाला बाटल्यांत दाबून भरतात, म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणायचं. मी पाहिलेल्या एका लग्नात विहीरच राहिली नव्हती, त्या जागी इमारत उभी होती. मंडळींनी अंगणात पाण्याचं पिंप ठेवलं आणि बँड त्या पिंपाभोवती वाजला. मला तेव्हा हसू आलं होतं. आज येत नाही. पिंपातलं पाणी नळाचं असेल, पण ते आणायला निघालेली माणसं तीच होती.

साहेब, अगं आणि अरे

रीत फक्त गावाची नसते, कामाच्या जागेचीही असते. मी १९७८ ते २०१७ एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. फोर्टच्या मोठ्या शाखेत पहिली वर्षं. तिथे वरचा माणूस 'साहेब', बाई असेल तर 'मॅडम', आणि आमच्यासारख्या क्लार्क मुली आडनावापुढे 'बाई' लावून. साहेबांच्या केबिनमध्ये कुणी बसत नसे, खुर्ची रिकामी असली तरी. पण सव्वापाच वाजले की आम्ही पेन बंद करायचो आणि साहेबांना कळायचं की आता काही सांगायचं नाही. युनियन होती.

पुढे बदली झाली ती मरोळच्या एमआयडीसीकडच्या शाखेत. बँक तीच, फॉर्म तेच, पण जग निराळं. १९७३ साली सीप्झ सुरू झालं, निर्यातीचा माल करण्यासाठी. आधी इलेक्ट्रॉनिक्स, मग हिरे-दागिने. तिथल्या मुली पगाराचे पैसे भरायला यायच्या. एकदा एका मुलीला मी सहज म्हटलं, "लग्न ठरलं वाटतं, पण हातात एकही बांगडी नाही?" ती म्हणाली, "मॅडम, दिवसभर सोन्यातच बसतो आम्ही. अंगावर घालून गेलं तर गेटवर शंभर चौकश्या." दिवसभर सोनं घडवायचं आणि स्वतः मोकळ्या हाताने घरी जायचं! तिच्या घरी सासूने याचा काय अर्थ लावला असेल, कोण जाणे. एका जागेचा नियम दुसऱ्या जागी गेला की त्याचा अर्थच बदलतो.

आणि या दोन्हींच्या मधे लोकल. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू केली, त्याच्याही आधीपासून आमचा अंधेरी लोकलचा ग्रुप होता. बँकेत जिला मी 'मॅडम' म्हणायची, ती गाडीत 'अगं' असायची. येताना मांडीवर पिशवी उघडून मेथी निवडायची, संक्रांतीला तिळगूळ, दसऱ्याला डब्यात झेंडूची तोरणं आणि पूजा. तिघींच्या बाकावर चौथीने टेकायचं, हा कायदा तर रेल्वेच्या कुठल्याच पुस्तकात नाही, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

प्रमोशन झालं तेव्हा मी ऐटीत फर्स्ट क्लासचा पास काढला. गाडी तीच, मधे फक्त एक जाळी. पण जाळीच्या या बाजूला कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चौथी सीट मागितली तर बाई अशी बघायची, जसं काही मी तिचं मंगळसूत्रच मागितलं. पलीकडून आमच्या ग्रुपचा हसण्याचा आवाज यायचा. तीन महिने काढले आणि पास संपल्यावर गुपचूप सेकंडला परत आले. मैत्रिणींनी एवढंच विचारलं, "काय गं, तिकडे भाजी निवडून देत नाहीत वाटतं?"

माझ्या मुलाचं ऑफिस आता याच भागात आहे. तो त्याच्या बॉसला नावाने हाक मारतो, वर 'अरे' म्हणतो. पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मी त्याला खूण करून दटावलं. त्याला कळेचना मी का चिडले. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की 'अरे' म्हणणारा माझा मुलगा रात्री नऊला बॉस उठेपर्यंत उठत नाही. आम्ही साहेबांसमोर उभं राहायचो आणि सव्वापाचला निघायचो. मान कुठे आहे आणि मोकळीक कुठे आहे, हे नुसत्या बोलण्यावरून ओळखायला जाऊ नये, हे मी त्याच्याकडून शिकले.

चौरस फुटाच्या भावाने जमलेली माणसं

आता आपल्या गेटच्या आत येते.

मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली गावदेवीला झाली, सारस्वत मंडळींची. रावबहादूर एस. एस. तालमकी यांनी त्या कामात पुढाकार घेतला. भारतातल्या गृहनिर्माण सहकाराचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. तिथे राहायला आलेल्यांची भाषा, देव, सणवार आधीपासून एक होते. नंतर बँकवाल्यांच्या, विमावाल्यांच्या, सरकारी नोकरांच्या सोसायट्या झाल्या. त्यांची निदान नोकरी एक होती. महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा. त्याखाली आपलीही नोंदणी झाली. पण आपल्यात एक काय होतं? बिल्डरने सांगितलेला चौरस फुटाचा भाव परवडला, एवढंच.

त्यामुळे पहिली पाच वर्षं कशी गेली ते जुन्या सभासदांना आठवत असेल. मी चाळीतून आलेली, माझं दार दिवसभर उघडं. समोरच्या काकूंना वाटायचं, ही बाई सारखी आमच्या घरात बघते. मला वाटायचं, या दार लावून बसतात म्हणजे आमच्याशी काही वाकडं आहे. एक दिवस काकूंनीच सांगितलं, त्यांचं आयुष्य बदलीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं, दर तीन वर्षांनी नवा शेजार. दार लावणं ही त्यांची सवय, राग नव्हे. पाचव्या मजल्यावरचं जैन कुटुंब कुणाकडचं पाणीसुद्धा घेत नसे, तर खालच्यांना तो अपमान वाटे. चौथ्या मजल्यावर रविवारी सुरमई तळली की वरच्या खिडक्या धडाधड बंद. सातव्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने बारशाला कुणालाच बोलावलं नाही, तर वर्षभर चर्चा. प्रत्येक जण आपापल्या जुन्या जागेचा कायदा घेऊन आला होता आणि दुसरा तो मोडतोय असं समजत होता.

मग २६ जुलै २००५ आला.

मंगळवार होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात! दुपारी चारपर्यंत आपल्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, वीज गेलेली, फोन लागेनात. तळमजल्यावरची दोन घरं पाण्याखाली. त्या दोन्ही घरांतली म्हातारी माणसं खुर्चीत बसवून वर आणली. इमारतीत अडकलेल्यांत तीन घरकामाच्या बाया होत्या, गॅसचा माणूस होता आणि वेसाव्याची मासळीवाली मावशी होती. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून ती सुके बोंबील आणि जुनी उधारी या दोन कामांसाठी आली होती.

रात्री पाचव्या मजल्यावरच्या जैन काकींनी आपलं सर्वांत मोठं पातेलं काढलं. ज्यांच्याकडून कुणी पाणी घेतलेलं पाहिलं नव्हतं, त्यांच्या स्वयंपाकघरात सगळ्या मजल्यांवरून तांदूळ आणि डाळ गेली. खिचडी झाली, कांदा-लसूण नसलेली, म्हणजे सगळ्यांना चालेल अशी. मेणबत्तीच्या उजेडात जिन्यावर बसून आम्ही जेवलो. मावशीची बोंबलाची टोपली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाचव्या मजल्याच्याच पॅसेजमध्ये ठेवली होती. वासाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, काकींनीही नाही. माझे मिस्टर वांद्र्याहून चालत पहाटे चारला पोचले. तोपर्यंत मावशी माझ्याजवळ जागी बसून होती. "येतील गो बाय," एवढंच मधून मधून म्हणायची.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला कुणीतरी म्हणालं, खिचडी करूया. तेव्हापासून दर २६ जुलैला आपल्याकडे गच्चीवर खिचडी होते, बिनकांद्याची. नव्याने आलेली मुलं विचारतात, सोसायटी डेला पिझ्झा का नाही, आणि खिचडी इतकी सपक का? त्यांना कारण माहीत नाही. म्हणूनच ते इथे लिहून ठेवते. आपला हा नवसच आहे, कुणी बोलून न दाखवलेला.

पुढील सूचनेपर्यंत

इथवरचं लिहिताना बरं वाटलं. आता जे लिहायचं आहे त्यासाठी लेख दोनदा बाजूला ठेवला होता.

२०२० सालची टाळेबंदी सगळ्यांना आठवते. जूनमध्ये घरकामाच्या बाया पुन्हा यायला लागल्या, तेव्हा भीती खरी होती. आपल्यात वयस्कर सभासद होते, दोन घरांत माणसं गेली होती. समितीने ऑनलाइन सभा घेतली आणि ठरलं, पुढची लिफ्ट सभासदांसाठी. घरकाम करणाऱ्या महिला, विक्रेते आणि डिलिव्हरीवाले यांनी मागची लिफ्ट वापरावी. ठराव मी लिहिला. शेवटचे शब्दही माझेच: "ही व्यवस्था पुढील सूचनेपर्यंत राहील." त्या दिवशी तो ठराव चूक होता असं मी आजही म्हणणार नाही.

२०२२ च्या गुढीपाडव्याला सरकारने राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठवले. आपली सूचना मात्र राहिली. लिफ्टजवळ चिकटवलेला कागद फाटला, तर तो काढण्याऐवजी आपण स्टीलचा बोर्ड करून आणला. बिल माझ्याच सहीने पास झालं. त्याच वर्षी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका मुलीने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "काकू, हे अजून का?" मी तिला सांगितलं, भाडेकरूंना सर्वसाधारण सभेत विषय मांडता येत नाही. नियमाने ते बरोबर होतं. पण मी तर सभासद होते, सचिव होते. मला मांडता येत होता. मी मांडला नाही, कारण सकाळच्या गर्दीत पुढची लिफ्ट पटकन मिळते, हे मलाही सोयीचं झालं होतं.

मागची लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद असते, हे आपण सगळे जाणतो. गेल्या मार्गशीर्षात मी जिन्याने उतरत होते. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर मावशी बसलेली, शेजारी मासळीचा टब. गुडघे दाबत होती. चौथ्या मजल्यावर पापलेट द्यायला निघाली होती. मी म्हटलं, "मावशी, अहो पुढच्या लिफ्टने यायचं ना." ती म्हणाली, "मना वाचता नाय येत, बाय. पन वाचमनला येतं ना!" आणि हसली. मी तिच्याबरोबर हसले. घरी येऊन मात्र बराच वेळ काही सुचलं नाही. वेसाव्याचा कोळीवाडा इथे आपली इमारत, आपला रस्ता, आपलं स्टेशन यांच्या कितीतरी आधीपासून आहे. जी बाई माझ्या काळजीच्या रात्री माझ्याशेजारी बसली, तिला मी जिन्यावर बसवलं होतं.

आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. माझी नात, वय वर्षं सहा. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताई तिच्याबरोबर खाली जायला पुढच्या लिफ्टशी आल्या. नातीने अगदी गोड आवाजात त्यांना सांगितलं, "ताई, तुमची लिफ्ट मागे आहे." तिने काही उद्धटपणा केला नव्हता. तिला वाटलं, ताई चुकल्या, त्यांना मदत करावी. तिला आठवतं तेव्हापासून जग असंच आहे: आपली लिफ्ट पुढे, त्यांची मागे. तिच्या दृष्टीने ती आपल्या सोसायटीची रीत आहे, जशी २६ जुलैची खिचडी.

सत्तरच्या दशकातल्या टाळेबंदीतून आझाद नगरात एक रीत जन्मली. २०२० च्या टाळेबंदीतून आपल्याकडेही एक जन्मली. दोन्हींचं मूळ कारण संपलं, दोन्ही टिकल्या. पण आझाद नगरच्या गणपतीची गोष्ट माझ्या सासूबाई मला तांदूळ निवडता निवडता सांगू शकल्या. आपल्या बोर्डाची गोष्ट मी नातीला सांगायला बसले आणि मला पुढे सांगता येईना. "तेव्हा आजार होता" इथपर्यंत ठीक. "मग आजार गेला. मग?" तिने विचारलं.

उलट बाजूही सभासदांनी माझ्याजवळ मांडली आहे, ती लिहिणं माझं काम आहे. सकाळी आठ ते दहा लिफ्टला रांग लागते. मासळीच्या टबाचं पाणी सांडतं, फरशी घसरडी होते. सामानाच्या गाड्यांनी लिफ्टचा आतला पत्रा खरवडतो. या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्या पाण्याच्या आणि सामानाच्या आहेत, माणसांच्या नाहीत. टबाखाली ट्रे ठेवता येईल. जड सामान मागच्या लिफ्टने, मग ते सभासदाचं का असेना, असा नियम करता येईल. आपण नियम सामानाचा केला नाही, माणसाचा केला, ही चूक झाली. आणि ती लिहिणारा हात माझा होता, म्हणून आधी मीच कबूल करते.

सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी समितीकडे लेखी ठराव दिला आहे. मजकूर एका ओळीचा आहे: "जून २०२० च्या सभेतील लिफ्टविषयक व्यवस्था रद्द करण्यात येत आहे." वह्यांत लिहिलेली ती 'पुढील सूचना' पाच वर्षांनी का होईना, एकदाची देऊन टाकावी. अनुमोदनाला पाचव्या मजल्यावरच्या जैन काकींची सही आहे. विरोधात मत देणाऱ्यांनीही जरूर यावं; कोरम दरवर्षी अर्धा तास थांबल्यावरच पुरा होतो, निदान यंदा तसं होऊ नये.

त्याआधी नेहमीप्रमाणे शनिवारी, २६ जुलैला संध्याकाळी साडेसातला गच्चीवर खिचडी आहे. यंदा रौप्यमहोत्सव म्हणून बरोबर कढी आणि पापडही. घरकामाच्या सगळ्या ताई, वॉचमन आणि वेसाव्याच्या मावशींना मी स्वतः आमंत्रण दिलं आहे. मावशींनी विचारलं, "खिचडीत सुकट टाकशील का गो?" मी नाही म्हटलं. ती आपली रीत नाही.

ताट-वाटी ज्याची त्याने आणावी. गच्चीवर पुढच्या लिफ्टने यावं, सगळ्यांनी.